उथळ पाण्याची खळखळ



‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण बडबड्या माणसाला टोचायला वापरतो. माझे बालपण नेवाशाला, प्रवरेच्या काठी गेले. मीही ती म्हण शंभर वेळा वापरली असेल. पण ती खळखळ हा पाण्याचा इशाराही असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत माझा भाचा पुण्याहून हवा भरायची रबरी बोट घेऊन आला. बोट दोघांची, बसले तिघे. त्यात त्याचा नऊ वर्षांचा मुलगा. मी म्हटले, “अरे, जपून.” तो हसून म्हणाला, “मामू, पाणी कमरेएवढंच आहे!” मीही हसलो. बोट वाहत जाऊन पाण्यातल्या बाभळीच्या फांदीला अडली, काटा शिरला आणि एक कड बसू लागली. घाबरून तिघेही उभे राहिले, तशी बोट पालथी झाली. मोठे दोघे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मूल मात्र बोटीखाली होते. बापाने बोट उचलून फेकली आणि त्याला ओढून काढले. सगळे क्षणभरात झाले. पण त्या क्षणभरात काठावर उभा असलेला मी काय होऊन गेलो, ते मला आजवर कुठल्या कवितेत मांडता आलेले नाही.

म्हणून आज कविता बाजूला ठेवून बोटीविषयी बोलतो.

रबरी बोट हलकी असते. थोड्याशा पाण्यावरही तरंगते, हा तिचा गुण. पण त्याच हलकेपणामुळे ती वाऱ्याने भरकटते आणि एका बाजूला भार पडला की कलंडते. तेव्हा बोटीवर जेवढे वजन लिहिले असेल त्याहून कमीच भरावे. बोटीत उभे राहू नये. बूड खाली टेकून, मधोमध बसावे. जागा बदलायची तर एका वेळी एकानेच, वाकून.

हवेचेही एक शास्त्र आहे. उन्हात काठावर टम्म भरलेली बोट तापून फाटू शकते. तीच थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि बोट सैल पडते. म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा दाबून पाहावे. चांगल्या बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फुटला तरी बाकीचे तारतात. एकाच कप्प्याची बोट ही खेळणे समजावी.

उथळ पाण्यात खडक, तारा, जाळी, मोटारींचे पाइप पृष्ठभागाच्या जरासेच खाली असतात. इंजिन असेल तर वेग कमी करून ते वर उचलावे आणि वल्ह्याने पुढे जावे. वाहत्या पाण्यात बोट खडकाला अडकली, तर तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहते तिकडे, कधीही उभे राहू नये. मागचे पाणी बोटीला रेटते आणि माणूस मध्ये चेपला जातो. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो असते. ते गुडघाभर असले तरी धावत असेल तर पाय उपटते. दगडांच्या सांदीत पाऊल अडकले की माणूस तेवढ्या पाण्यातही बुडतो. लाइफ जॅकेट घरून अंगात घालूनच निघावे, आणि पट्टे आवळलेले असावेत. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. वरच्या अंगाने पाहिले तर बंधारा म्हणजे पाण्यावरची एक सरळ, शांत रेघ दिसते. खाली मात्र पडणारे पाणी तळाला आपटून वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच परतते. त्या फेऱ्यात सापडलेली बोट उलट दिशेने, धारेखाली ओढली जाते. तिथल्या पाण्यात हवा मिसळलेली असते. ते फेसाळ पाणी नीट तारत नाही आणि इंजिनाच्या पंख्यालाही पकड देत नाही. म्हणून बंधाऱ्याच्या वरूनही आणि खालूनही लांब राहावे. उन्हाळ्यात धरणातून आवर्तन सुटते, तेव्हा सकाळचे उथळ पाणी दुपारी उथळ राहत नाही. निघण्यापूर्वी पाटबंधारे खात्याकडे चौकशी करावी.

अकोले तालुक्यातले सुगाव आठवा. 22 मे 2024 रोजी तिथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. भोवऱ्यात सापडून बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ही शिकलेली, सराव असलेली माणसे होती. त्यांच्यापुढे आपली सुटीतली हौस ती काय!

कुणी बुडताना दिसले तर आधी काठावरून काठी द्यावी, दोरी किंवा रिकामा कॅन फेकावा आणि 112 ला फोन करावा. बोट त्यानंतर, तीही जाणत्याच्याच हाती. काठावरचा आकांत ऐकवत नाही, हे मी जाणतो. पण शोधपथकाला “अजून थोडे पुढे जा” असे म्हणण्यापूर्वी, त्यांच्याही घरी कुणी वाट पाहते आहे हे मनात आणावे.

भाच्याने ती बोट अजून ठेवली आहे. मी मोडू दिली नाही. ती आता वाहत्या पाण्यात जात नाही. भाचा मुलाला जवळ बसवतो, जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहतो, आणि मगच वल्हे हातात घेतो. मी काठावर दोरी घेऊन उभा असतो. या वेळी हसत नाही. दुरून बंधाऱ्याची खळखळ येत असते, ती ऐकत असतो.

सुगावला भेटलेले तेच पाणी संगमनेरवरून नेवाशाला येते आणि प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. नदी आपलीच आहे. पण आपले माणूससुद्धा बोलत असताना त्याचे ऐकावे लागते, एवढेच.