तेल, हात आणि स्नेह



नरकचतुर्दशीची पहाट आठवा. न्हाणीघरात बंब पेटलेला, पाटाभोवती रांगोळी, आणि आई अंगाला कोमट तेल चोळते आहे. मी पडलो भाषेचा मास्तर, म्हणून आधी एक शब्दाची गंमत सांगतो. 'तेल' हा शब्द तिळापासून आला. म्हणजे मुळात तेल ते तिळाचेच. आणि तेलातुपाच्या स्निग्धपणाला संस्कृतात जो शब्द आहे, तोच मायेलाही आहे: 'स्नेह'.

आता हे तेल कातडीवर करते तरी काय? कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. थंडीने, साबणाने हा चुना झिजतो, आतला ओलावा उडतो आणि कातडी फुटते. तेलाचा पातळ थर तो ओलावा धरून ठेवतो. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपावे आणि कातडी जरा ओलसर असतानाच चार थेंब चोळावेत. तेल हाडापर्यंत मुरते म्हणतात, ते काही खरे नव्हे. सांधे मोकळे वाटतात ते चोळणाऱ्या हातामुळे आणि उबेमुळे.

तेल कोणते घ्यावे? ज्या मातीत जे पिकते ते. कोकणात खोबरेल, सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचे, आणि तिळाचे तर सगळीकडेच. आपल्या जुन्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते, आणि कातडीच्या त्या चुन्याला तेच लागते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. तेव्हा बुधली गरम पाण्यात ठेवावी, विस्तवावर नको. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल मुठीत वळून ठेवतात, त्याला मुठेल म्हणतात. माझे वडील भातलावणी आटोपली की रात्री पाय धुऊन, कोरडे करून, टाचांच्या भेगांत ते पातळ करून भरीत. करंजेल मात्र केवळ वरून लावायचे, पोटात घ्यायचे नाही, हे विसरू नये.

तेल शुद्ध हवे, हे सांगायला नको. पण का, ते सांगतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. माणसांच्या पायांना सूज आली, हृदये थकली, साठांहून अधिक माणसे दगावली. असले तेल नुसते अंगाला चोळूनही हा रोग झाल्याच्या नोंदी आहेत. आणि हा काटेरी पिवळा धोतरा आपल्याही बांधावर उगवतो, बरं का! म्हणून घाण्यावर तेल काढायला नेताना बी नीट चाळून, पाखडून न्या.

आता तान्ह्या बाळांविषयी. मुंबईत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खोबरेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा अधिक वाढल्याचे आढळले. म्हणजे आजीबाईंचे पुष्कळसे खरेच होते. पुष्कळसे म्हणतो, सगळे नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा दीड महिन्याचा होता. आमच्या आजीने पाय लांब करून त्याला पायांवर घेतले, छान चोळले, आणि रीतीप्रमाणे नाकात तेलाचे दोन थेंब सोडले. पोराला ठसका लागला. संध्याकाळी ताप, रात्री धाप. तेल फुफ्फुसात गेले होते. पोर आठ दिवस दवाखान्यात होते. ते बरे होऊन घरी आले, पण आजीने त्याला हात लावायचे सोडले. ती कोपऱ्यात बसून राही. 'माझ्या हाताला यश नाही रे आता,' म्हणे.

शेवटी मीच बाळाला तिच्याकडे नेले. म्हटले, 'आजी, चूक हाताची नव्हती, त्या दोन थेंबांची होती. हात तुझाच हवा.' तिने वाटी जवळ ओढली. तो मुलगा आज माझ्या खांद्याला लागतो.

तेव्हा माता-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. बाळाच्या नाकात, कानात, डोळ्यांत तेल घालू नका. टाळूवर हात हलका असू द्या. अपुऱ्या दिवसांचे मूल असेल, अंगावर चट्टे किंवा पुरळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. भाजलेल्या जागेवर तेल नको. वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरा. आणि शिक्षकबंधूंनो, हे वर्गात सांगा. मुले घरी जाऊन आजीला सांगतील, आणि नातवंडांचे आजी ऐकते.

सांगताना एक मात्र सांभाळा. रीत सुधारा, आजीचा हात दूर करू नका. तेल दुकानात मिळते. स्नेह तेवढा घरचाच लागतो.