एकशेवीस पानांचा स्वयंपाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत झाले, त्यानंतर चूल आणि घर. पण मंडळातल्या बायकांनी आग्रह धरला की शाळेच्या स्वयंपाकाची व्यवस्था तू पाहतेस, त्याबद्दल चार शब्द सांग. तेव्हा जे हातून झाले तेवढेच सांगते.

मी १९९८ साली लग्न होऊन या गावी आले तेव्हा माझे धाकटे दीर तिसरीत होते. त्या वेळी मुलांना शाळेकडून महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे. तो पिशवीतून घरी येई आणि सगळ्या घराच्या पातेल्यात जाई. दिरांच्या पोटात त्यातला किती गेला ते देव जाणे. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला की मुलांना शिजवलेलेच अन्न द्या. मग शाळाशाळांतून चुली पेटल्या. आमच्या बचत गटाकडे काम आले तेव्हा आम्ही म्हटले, त्यात काय अवघड? रोजच तर रांधतो!

पहिल्याच दिवशी भाताची पेज झाली. घरच्यासारखे पाणी घातले होते. मोठ्या पातेल्यात पाणी तितके उडत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. घरी आपण मुठीने मोजतो. इथे पाचवीपर्यंतच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. १२० मुले धरली तर १२ किलो तांदूळ आणि २ किलो ४०० ग्रॅम कडधान्य. मूठ गेली, काटा आला. हजेरी कळल्याशिवाय तांदूळ धुवायचा नाही, हा मी नियमच केला, कारण बाजाराच्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे असतात.

आता जे सांगायचे ते जरा जड आहे. दोन वर्षांमागे मार्च महिन्यात वाडीत हळद होती. सकाळी घाई नको म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आदल्या संध्याकाळीच मटकी उकडून झाकून ठेवली. सकाळी मी झाकण काढले. वरून ठीक दिसली, पण डाव तळाशी घातला तर फेस आणि आंबूस वास.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, चार आमसुलं टाक, वरून मसाला घाल. पोरांना काय कळतंय? घरी आपण खात नाही का?"

खोटे कसे म्हणू? घरी मीही खाल्लेले आहे. पण आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते की मोठ्या पातेल्यातले अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहते, त्यात जंतू वाढतात आणि काही जंतूंचे विष पुन्हा उकळले तरी जात नाही. वाढण्याआधी शिक्षक आणि आम्ही चव घेतोच, पण आमसुलाखाली ती चव कोणाला कळली असती? मी पातेले उचलायला लावले आणि मागे खड्डा करून मटकी पुरली. कोठीत तूरडाळ होती ती शिजवली. जेवण पाऊण तास उशिरा झाले. पहिलीतली एक मुलगी भुकेने रडत होती. मुख्याध्यापक बोलले, ते मी ऐकून घेतले.

मटकीची भरपाई गटाने करावयाची ठरली. मी माझा वाटा दिला आणि जाऊबाईंचाही परस्पर देऊन टाकला. ते चुकले. मला वाटले, त्यांना ओझे नको; त्यांना वाटले, सर्वांसमोर दोष त्यांच्या पदरात टाकला. खरे तर कोठीची किल्ली माझ्या कमरेला. त्या संध्याकाळी मी एक फेरी मारली असती तर पातेले मलाच दिसले असते. हे मी त्यांना तेव्हा म्हटले नाही. एका अंगणात राहून आम्ही दीड महिना बोललो नाही. चुलीपाशी "मीठ झालं का" एवढेच.

मग एके दिवशी त्यांनीच हाक मारली, "अगं, इकडे ये, या तेलाला नाक लाव." तेल खवट होते. डबा आम्ही दोघींनी मिळून परत पाठवला. किल्लीचे माझे बोलणेही तेव्हाच झाले. त्या नुसत्या "हूं" म्हणाल्या.

जाऊबाई आज इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. आजच्या फराळाची उसळ त्यांनीच पहाटे उठून केली आहे. मी तळापर्यंत डाव घालून वास घेतला, त्या रागावल्या नाहीत. उसळ गरम आहे तोवर सर्वांनी उठावे, अशी विनंती करून मी खाली बसते.