बीडचा रंगमंच आणि वेशीतला रस्ता

बिंदुसरेच्या काठी वसलेल्या बीड शहरात ग्रंथालयशास्त्राच्या या परिषदेसाठी आलेले अध्यक्ष, अभ्यासक आणि प्रतिनिधी यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर आणि 16व्या शतकातील खजाना विहीर यांची कीर्ती सर्वांच्या कानी असेलच. परंतु बीडकरांचा खरा जिव्हाळा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहावर आहे, कारण 2009 मध्ये रामदास कामत यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरवणाऱ्या या शहराला रंगभूमीचे वेड फार जुने आहे.

नाट्यगृहे उभी राहण्यापूर्वी या जिल्ह्याचा रंगमंच वेशीत, म्हणजे गावकुसाच्या दारात, आणि देवळापुढच्या रस्त्यावर होता. तेथे भारूड रंगे. व्यवहारातील रूपकांतून परमार्थ सांगणारा, सोंगे आणून गायला जाणारा हा प्रकार गोदावरीपलीकडील पैठणच्या एकनाथांनी घरोघरी पोहोचवला. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून विंचवाच्या भारुडात कळ आल्याचा अभिनय करणारा भारूडकर ना पडदा मागे ना दिवे. केज तालुक्यातील दरडवाडीच्या अशाच एका भारूडकराचे पुत्र वामन केंद्रे 2013 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि 2019 मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. वडिलांच्या पिढीतील कलावंत मात्र विस्मरणात गेले, आणि बीडच्या रंगभूमीचा पाया त्यांनीच घातला, असे समितीचे ठाम मत आहे. त्यांची पदे ज्या बाडांत, म्हणजे हाताने लिहिलेल्या शिवलेल्या वह्यांत, उतरली, ती माळ्यावर कसरीच्या तोंडी जाण्याआधी ग्रंथालयांत यावीत, एवढाच या परिषदेशी त्यांचा संबंध, पण तो मोलाचा आहे.

निवासाची सोय वसतिगृहे व मंगल कार्यालये यांत विभागावी लागली, पाणी टँकरने आणावे लागले, पंखेही सर्वत्र पुरले नाहीत. या उणिवांबद्दल समिती क्षमा मागते. धान्य देणारे शेतकरी, मंडपाचे भाडे न घेणारे व्यावसायिक, भांडी पुरवणारी मंडळे, घरातल्या खोल्या उघडून देणारी कुटुंबे, रात्रपाळी करणारे विद्यार्थी, पुरणपोळीचा स्वयंपाक अंगावर घेणाऱ्या भगिनी आणि आपले नाव जाहीर न करण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते या सर्वांची समिती ऋणी आहे. भोजनाची व्यवस्था मागील अंगणात केली असून पहिली पंगत पाहुण्यांचीच राहील.