पाठीवर पाच की सहा?

समुद्री कासव म्हटलं की महाराष्ट्रात वेळास आठवतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून तिथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली आणि कोकणातल्या कितीतरी गावांना आपल्या वाळूत काय दडलंय ते कळलं. पण याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमानलगतच्या मसिरा बेटावर, वेगळ्याच कासवाचं राज्य होतं. मोठ्या डोक्याचं, तांबूस तपकिरी पाठीचं लॉगरहेड. जेम्स पेरन रॉस या शास्त्रज्ञानं 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाहणी केली, तेव्हा दरवर्षी सुमारे 30,000 माद्या या एकाच बेटावर अंडी घालायला चढत असाव्यात असा अंदाज त्यानं मांडला. जगातल्या लॉगरहेडच्या सर्वांत मोठ्या वसाहतींमध्ये मसिराची गणना होऊ लागली.

पुढच्या काही दशकांत ही संख्या इतकी घसरली की आययूसीएन या जागतिक संघटनेनं 2015 मध्ये वायव्य हिंदी महासागरातली लॉगरहेड 'अति संकटग्रस्त' ठरवली. त्याच वर्षी जगभरच्या लॉगरहेडला मिळून मात्र 'असुरक्षित' ही सौम्य श्रेणी मिळाली. म्हणजे अटलांटिकच्या कासवांची परिस्थिती त्यामानानं बरी आहे, आणि महाराष्ट्राचा किनारा ज्या समुद्राला लागून आहे तिथल्या कासवांची फारच वाईट.

भारताच्या पाण्यात समुद्री कासवाच्या पाच जाती सापडतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. पहिल्या चार जाती भारताच्या किनाऱ्यांवर किंवा बेटांवर अंडी घालतात. लॉगरहेड इथे घरटं करत असल्याची खात्रीची नोंद नाही. ते येतं ते पाहुणं म्हणून, आणि बहुतेकदा कोणाच्या तरी जाळ्यात. या भागातल्या जुन्या नोंदींत ऑलिव्ह रिडलेलाच लॉगरहेड समजण्याची चूक अनेकदा झालेली आहे. जात चुकली की किती उरली याचा हिशेबही चुकतो, आणि ज्याची मोजदादच नीट नाही त्याचं रक्षण अंदाजानंच करावं लागतं.

तसं पाहिलं तर ओळख पटवणं अवघड नाही. कासवाच्या पाठीवर मधोमध मोठ्या खवल्यांची एक रांग असते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक रांग. या बाजूच्या रांगेतले खवले मोजायचे. हिरवं कासव आणि हॉक्सबिल यांना प्रत्येक बाजूला 4, लॉगरहेडला 5, ऑलिव्ह रिडलेला 6 किंवा त्याहून जास्त, आणि तेही कित्येकदा डावीकडे वेगळे, उजवीकडे वेगळे. लॉगरहेडच्या पाचांपैकी पहिला खवला मानेमागच्या खवल्याला टेकलेला असतो. लेदरबॅकच्या पाठीवर खवलेच नसतात, चामड्यासारख्या कातडीवर लांब कंगोरे असतात. त्यामुळे त्याच्याबद्दल घोटाळा होत नाही.

मात्र निसर्गात अपवाद असतात, म्हणून एका खुणेवर कधी विसंबू नये. कासव उचलताना पोटाची बाजू दिसली तर पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधले, पाठ आणि पोट जोडणारे खवले पाहावेत. ऑलिव्ह रिडलेला तिथे प्रत्येक बाजूला 4 असतात आणि प्रत्येकात एक बारीक छिद्र असतं. लॉगरहेडला बहुधा 3, बिनछिद्राचे. आकारातही फरक पडतो: पूर्ण वाढलेल्या ऑलिव्ह रिडलेचं कवच साधारण 60 ते 70 सेंटीमीटर, लॉगरहेडचं 90च्या आसपास आणि वजन अनेकदा 100 किलोच्या पुढे. रंगावर तर मुळीच जाऊ नये. लॉगरहेडच्या पाठीवर शेवाळ आणि चिकटून राहणारे शिंपल्यासारखे जीव इतके वाढलेले असतात की खालचा तांबूस रंग पार झाकून जातो.

आणि डोकं. ते मोठं आहे कारण त्यात जबड्याचे दणकट स्नायू आहेत. शंख, शिंपले, खेकडे हे कासव कडाकड फोडून खातं. हे खाद्य मिळतं उथळ समुद्राच्या तळाशी, आणि कोळंबीचं ट्रॉल जाळंही नेमकं तळाशीच ओढलं जातं. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकलेलं कासव बुडून मरतं.

या मरणाचा हिशेब 1987 मध्ये देबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघांनी मांडला. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लॉगरहेडची आकडेवारी घेऊन, कोणत्या वयातली कासवं वाचवली तर संख्या सावरेल, हे त्यांनी गणितानं तपासलं. उत्तर अनेकांना धक्का देणारं होतं. घरट्यातलं एकूणएक अंडं वाचवलं तरी घसरण थांबत नव्हती. सावरायचं तर प्रौढ होण्याच्या वाटेवरची मोठी कासवं वाचायला हवी होती. लॉगरहेडला वयात यायला 20 ते 30 वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात. तोवर अनंत संकटांतून तगलेलं कासव जाळ्यात गेलं, तर मागची सगळी वर्षं वाया जातात. किनाऱ्यावर घरटं राखणाऱ्या माणसाची मेहनत यानं कमी ठरत नाही. उलट त्या मेहनतीचं मोल राहावं यासाठीच समुद्रातल्या जाळ्याकडे पाहणं भाग आहे.

उपाय एका मच्छीमारानंच काढलेला होता. जॉर्जिया राज्यातला सिंकी बून जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशना वैतागला होता. त्यानं जाळ्यात तिरपी जाळी बसवली: कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठा जीव गजांवर आदळून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतो. याच कल्पनेतून कासव सुटका साधन, म्हणजे टेड, आकाराला आलं. पण इथेही जातीजातींतला फरक आडवा आला. सुरुवातीच्या साधनांची फट मोठ्या लॉगरहेडला आणि लेदरबॅकला पुरत नव्हती, म्हणून 2003 मध्ये अमेरिकेनं ती वाढवायला लावली. भारतात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं इथल्या ट्रॉलरसाठी असं साधन तयार केलेलं आहे. ते सर्वत्र वापरात न आल्यानं 2019 पासून समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेच्या बाजारात जाणं बंद झालं. त्याचा फटका थेट मच्छीमारांच्या खिशाला बसला आहे, आणि ती कोंडी सुटायची वाट साधन बसवण्यातूनच जाते.

गिलनेटसाठी, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या सोडलेल्या जाळ्यासाठी, मात्र अशी फट नाही. तिथे उरतो तो बोटीवरच्या माणसाचा हात आणि त्याच्या हातातला कोयता. महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून एक चांगली योजना आहे. संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी कोळ्यानं जाळं कापलं, तर फोटो किंवा चित्रफितीच्या आधारे त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. समुद्री कासवाच्या पाचही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पण कायद्याच्या धाकापेक्षा फाटलेल्या जाळ्याची भरपाई हा कितीतरी शहाणा मार्ग आहे.

जाळ्यातून काढलेलं कासव निपचित पडलं असेल तर ते मेलं असं समजून लगेच पाण्यात टाकू नये. कित्येकदा ते बेशुद्ध असतं, आणि त्या अवस्थेत पाण्यात गेलं तर नक्की बुडतं. त्याला पोटावरच ठेवावं, उलटं करू नये. मागचा भाग वीतभर उंच राहील असं काहीतरी खाली सारावं, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. सावलीत ठेवून अंगावर ओलं फडकं घालावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. शुद्धीवर यायला काही तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. हालचाल सुरू झाली की इंजिन थांबवून, जाळ्यापासून दूर, अलगद सोडावं.

आणि सोडण्याआधी भरपाईसाठी फोटो काढायचाच आहे, तर तो दोन ठिकाणांहून काढावा: एक पाठीचा, सरळ वरून, बाजूचे खवले मोजता येतील असा, दुसरा डोक्याचा. जाळ्यात गुंडाळलेल्या ढिगाच्या एका फोटोवरून भरपाई मिळेलही, पण ते कासव ऑलिव्ह रिडले होतं की पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेलं लॉगरहेड, हे त्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.