डाग न ठेवणारी गळती

साइटवरून थेट सभागृहात आलेल्या मित्रांनो (कोण कुठून आलंय ते बुटांवरच्या सिमेंटवरून कळतंच),

अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. माझ्याहून लायक चारजण पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांनी समजून घ्यावं. खराडीकरांनी पाहुणचारात काही कमी ठेवलेलं नाही.

अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. तो अहवालात छापलाय, तुमच्या पिशवीत आहे. कृत्रिम वाळूची प्रत, कामगारांची चणचण, स्लॅब पडल्यावर हातात येणारी ड्रॉइंगं. गेल्या वर्षीचीच दुखणी, तीच यंदाही. मला दुसरंच बोलायचंय आणि ते पंचवीस-तीस वर्षं पोटात आहे.

घर बांधताना उष्णता अडवण्यासाठी जे काही घातलं जातं, ते झाकण्याआधी आपल्यापैकी कोणीही बघत नाही. एवढंच माझं म्हणणं. पण त्याला वेळ लागेल, खुर्चीत नीट बसा.

मी या भागात आलो तेव्हा नगर रस्त्यावरून आत वळलं की मुळा-मुठेपर्यंत शेतं होती. गावठाणातल्या घरांवर कौलं, काहींवर पत्रा. आज इथे आयटी पार्क आहेत आणि वीस-वीस मजल्यांच्या इमारती. या सभागृहाचा एसी वीसवर लावलाय आणि बाहेरच्या इमारतींच्या भिंतींवर एसीच्या पेट्या मुंग्यांसारख्या चढल्या आहेत. पुण्याची हवा थंड, इथे इन्सुलेशन कशाला, असं कालच्या चर्चासत्रात एक ज्येष्ठ मित्र म्हणाले. त्यांचं पुणं १९७५ सालचं असावं. २०१९ च्या एप्रिलअखेरीला पुण्यानं ४३ अंश पाहिले. आणि उन्हाळ्यात पेपर उघडून बघा, शहरातल्या सगळ्यात तापलेल्या जागांमध्ये आपली शेजारची वडगाव शेरी बहुतेक वेळा असते.

माझ्या आजोळी, सोलापूरकडे, माळवदाचं घर होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हात-दीड हात पांढरी माती. मृगाच्या आधी आजोबा स्वतः वर चढून माती चोपून घ्यायचे, भेग दिसली की बुजवायचे. खालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी झोप लागायची. आजोबांना यू-व्हॅल्यू, म्हणजे छपरातून किती उष्णता आत उतरते तो आकडा, माहीत नव्हती, पण छपरावर काय आहे हे त्यांना पायाच्या तळव्यांनी माहीत होतं. आपल्याला ते ड्रॉइंगवरून माहीत असतं.

आता हिशेब. सहा इंची उघड्या स्लॅबचा यू तीनच्या वर जातो. त्यावर चार इंची वीटतुकड्यांचा कोबा घातला तरी दोनच्या खाली येत नाही. निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली, तिच्यात छतासाठी कमाल १.२ सांगितलंय. म्हणजे ‘कोबा आहे ना, तेच इन्सुलेशन’ हे जे आपण गिऱ्हाइकाला तोंडभरून सांगतो ते अर्धंमुर्धं खरं आहे. कोब्याखाली इंचभर चांगला एक्सपीएस, म्हणजे उष्णता अडवणारा फेसाचा बोर्ड असेल तर आकडा एकच्याही खाली उतरतो. फक्त इंचभर! पण तो इंच तिथे आहे की नाही, हे कोण बघणार?

यावर माझ्याच अब्रूची गोष्ट सांगतो. बिल्डरचं नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही. चार मजल्यांची इमारत, गच्चीवर ५० मिलिमीटरचे बोर्ड दाखवलेले. मी साइटवर सल्लागार. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायला आले. पहिल्याच उन्हाळ्यात ते रोज दुपारी चारला गच्चीवर जाऊन गोणपाटं पसरायचे आणि बादल्यांनी पाणी ओतायचे. दुपारचं ऊन स्लॅबमधून उतरायला पाच-सहा तास घेतं, रात्री आठ-नऊला ते पंख्याखाली येऊन बसतं. मास्तरांना एवढं शास्त्र अनुभवानं कळलं होतं. दोन उन्हाळे हे चाललं. मग जिन्याच्या बाजूच्या खोलीत ओल आली आणि तक्रार माझ्याकडे आली. गळतीची तक्रार! उकाड्याची तक्रार त्यांनी कधी केलीच नाही, कारण ती कुणाकडे करायची हेच माहीत नव्हतं.

वॉटरप्रूफिंगवाल्यानं कोबा फोडला. पाण्याच्या टाकीभोवती बोर्ड होते, नीट बसवलेले. तिथून चार पावलांवर, जिथे कुणी जाऊन उभं राहत नाही, तिथे थर्माकोलचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही टाकीपर्यंतच आला होता.’ खरं होतं. तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

तेव्हापासून मला एक कळलं. पाणी डाग ठेवतं, उष्णता डाग ठेवत नाही. म्हणून पाण्यासाठी आपण गच्चीवर आळी करून चार-आठ दिवस पाणी बांधून ठेवतो, खालून छत न्याहाळतो, फोटो काढतो. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या कारागिरीचा दोष बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचा असतो. गळती दाखवता येते, मग दुरुस्ती होते. उकाडा कसा दाखवायचा? म्हणून लोक एसी घेतात आणि वीजबिलाला शिव्या देतात.

मध्ये एका मित्राकडून थर्मल कॅमेरा मागून आणला होता. इथल्याच एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर रात्री नऊला लावला. छत केशरी दिसत होतं आणि त्यात बीमच्या ओळी वेगळ्या उठून. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘अहो, हे तर आमच्या तव्यासारखं दिसतंय!’ कॅमेऱ्यापेक्षा त्यांचा शब्द मला जास्त पटला.

भिंतींचा वाद काल बराच रंगला. मायवान शटरिंगवाले, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभ्या करणारे, एका बाजूला, ब्लॉकवाले दुसऱ्या. मायवाननं काम झरझर उठतं, भिंत गुळगुळीत येते, प्लास्टर वाचतं, सगळं कबूल. पण सहा इंची काँक्रीटची भिंत उन्हाला किती अडवते, तर जवळपास नाहीच. आठ इंची एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतीतून तिच्या पाचव्या हिश्श्याइतकीच उष्णता आत येते. मी तीन वर्षं मायवानच्या घरात भाड्यानं राहिलो, पश्चिमेची भिंत. माझा मुलगा संध्याकाळी त्या भिंतीला पाठ टेकत नसे. वाद माझ्यापुरता संपला. ब्लॉकवाल्यांनीही फार हसू नये, तुमचे सांधे मसाल्यानं किती भरलेले असतात तेही मी पाहिलंय.

आता बघायचं काय? फार थोडं. गच्चीवर बोर्ड येतात तेव्हा चलनावरची जाडी आणि टेपवरची जाडी एकच आहे का. बोर्ड महिनाभर उन्हात पडून पिवळे पडलेत का. दोन बोर्डांत बोटभर फट आहे का. सांध्यावर सांधा येतोय का. पॅरापेटच्या कडेला, पाइप वर येतो तिथे बोर्ड कापून बसवलाय की तिथे मसालाच भरलाय. वॉटरप्रूफिंगचा थर आधी की बोर्ड आधी, हे ड्रॉइंगमध्ये ठरलंय तसंच आहे ना. साइटवर हे सर्रास उलटं होतं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. अट एकच, कोबा पडण्याआधी. सार्वजनिक बांधकाम खात्यात जे झाकलं जाणार ते झाकण्याआधी मोजून पुस्तकात नोंदवायची पद्धत जुनी आहे. स्लॅबचं स्टील बघितल्याशिवाय आपण काँक्रीट पडू देत नाही, रात्री अकरा वाजले तरी थांबतो. मग गच्चीच्या वेळी आपल्याला घाई कसली असते?

माझा भाचा न्यू जर्सीत घर बांधत होता. तिथे भिंतीत इन्सुलेशन भरल्यावर आणि जिप्सम बोर्ड चढवण्याआधी नगरपालिकेचा माणूस येऊन बघतो. त्यानं हिरवा कागद चिकटवल्याशिवाय पुढचं काम नाही. भाचा वैतागून फोनवर सांगत होता, ‘मामा, चार दिवस काम अडकलंय.’ मी त्याला म्हटलं, त्या माणसाला माझा नमस्कार सांग. तिकडे थंडी मारते म्हणून ते बघतात. आपल्याकडे उकाडा मारतो, पण हळूहळू, आणि बऱ्याचदा वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना.

कायदा येतोय, तो करेल, असं काही तरुण म्हणतात. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, मोठ्या निवासी इमारती कक्षेत आल्या. आनंद आहे. पण कायदा ड्रॉइंग तपासतो. गच्चीवर कोबा चढायच्या आत उभं कोण राहणार, ते आपल्यालाच ठरवायचंय.

आपल्या संस्थेनं काय करावं, तर एक पानी तपासणी-पत्रक काढावं, मराठीत, मिस्त्रीला वाचता येईल असं. मसुदा मी करतो म्हणून दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं, तो अजून माझ्या वहीतच आहे. एखादा कॅमेरा वर्गणी काढून घ्यावा, सभासदांना भाड्यानं द्यावा. समिती नेमावी असं सचिव सुचवतात. नेमा, मला वगळून नेमलीत तर लवकर काम होईल. दर उन्हाळ्यात दहा गच्च्या तरी आपण बघाव्यात, कुठल्या ते मागाहून ठरवू.

चहाची वेळ झालेली दिसते, दार दोनदा उघडलं. बाहेरच्या टेबलावर मी बोर्डाचे तीन तुकडे ठेवले आहेत. तिन्ही या महिन्यात बाजारातून पन्नास मिलिमीटरचे म्हणून आणलेत. शेजारी टेप ठेवली आहे, माझी आहे, जाताना कुणी खिशात घालू नका.