दातिवऱ्याला निघालात? आधी भरती पाहा



लहान मुलाला घेऊन दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर निघालात?
मग आधी भरतीची वेळ पाहा.

डहाणू लोकलने सफाळ्याला उतरा.
तिथून एसटी किंवा रिक्षाने दातिवरे गाठा.

इथे वैतरणा समुद्राला मिळते.
पलीकडे अर्नाळा.
खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ फार.
तिथे मुलाला पाण्यात उतरवू नका.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण.
त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास.
पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा.

ओहोटीच्या ओल्या वाळूत मूल मनसोक्त खेळेल.
पाणी चढू लागलं, की मात्र मागे फिरा.

आईबाबांनो, आजी-आजोबांनो,
वेळ नक्की ठाऊक नसेल,
तर गावातल्या मच्छीमारांना विचारा.

लक्षात ठेवा,
आधी भरतीची वेळ, मग पोराचा खेळ!