वंदनेनंतरचा अर्धा तास
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहार कसा उभा राहिला, विटा कुणी दिल्या, पत्रे कुणी आणले, श्रमदानाला कोण कोण होते, हे सांगण्याची रीत आहे. तो इतिहास स्मरणिकेत छापून येणारच आहे, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही. आम्हाला बोलायचं आहे ते वंदनेनंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

सरणत्तय होते, भन्तेजी दोन शब्द सांगतात, आणि मग कुणी लगेच उठत नाही. सतरंजीवर बसल्या बसल्या सुरू होते, "तुमच्या पोराचा निकाल लागला का?", "वहिनी दिसल्या नाहीत?", "रात्रपाळी संपली का तुमची?" कुणाची लेक बाळंत झाली, कुणाची आई फैजपूरला आजारी आहे, कुणाला पुण्याला नोकरी लागली, सगळं तिथंच कळतं. यावर्षी बैठकीत काही तरुण मंडळींनी मुद्दा काढला की हा वेळ वाया जातो, विहार म्हणजे काही गावची चावडी नव्हे, त्याऐवजी ग्रंथवाचन ठेवावे. मुलांची तळमळ खरी आहे, वाचन हवेच. पण अर्धा तास काढून टाकायला आमचा विरोध आहे. तो का, हे आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घरगुती गोष्टी धम्माच्या बाहेरच्या आहेत, ही समजूत बरोबर नाही. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र सकाळी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी विचारले, बाबा, हे काय चालले आहे? तो म्हणाला, वडील मरताना सांगून गेले आहेत. पुष्कळ लोक हे सुत्त वाचतात आणि सरळ सहा दिशांच्या अर्थाकडे जातात. आम्हाला मात्र आधी दिसतं ते वडील गेलेलं पोरगं. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही, वडिलांना नावे ठेवली नाहीत. दिशा कशाला म्हणायच्या एवढं समजावलं. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुलं, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी माणसं आणि वरची श्रमण-ब्राह्मण. आपला अख्खा अर्धा तास त्यात आला की नाही? घर आलं, काम आलं, सोबती आले. करमणूकही आहे त्याच सुत्तात, तिच्याकडे येतो.

आधी काम. आपलं दीपनगर हे गावठाण नाही, गाव झालं ते कामामुळे. 1968 साली इथला पहिला लहान संच सुरू झाला, 1979 आणि 1982 मध्ये 210 मेगावॅटचे दोन आले, पुढे 500 मेगावॅटचे दोन उभे राहिले आणि त्यानंतर 660 चाही आला. त्या पहिल्या संचाचे आता नाव राहिले आहे. या चिमण्यांखाली रावेर, यावल, जामनेरकडची माणसं आली, बुलढाणा-अकोल्याकडची आली, आणि ज्यांचे आजे गावकीची कामं करीत होते त्यांची नातवंडं कंट्रोल रूममध्ये बसली. बाया गच्चीवर कुरडया-पापड घालायच्या, वारा फिरला की त्यावर राखेचा बारीक थर. तक्रारही करायची आणि त्याच चिमणीच्या पगारावर पोरं शिकवायची, असं आपलं जगणं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण वीज केंद्राच्या वसाहतीत राहून आपल्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता. युद्धानंतर देशाला वीज कशी पुरवायची याचा विचार करणाऱ्या धोरण समितीसमोर त्यांनी 1943 साली भाषण केले, 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा आला तेव्हा ते मजूर खात्यात नव्हते, पण वाट त्या काळात आखली गेली होती. त्याच कायद्याखाली 1960 साली आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं.

आणि कामाचे तास. आपल्या सभांतून कुणी सांगतं की बाबासाहेबांनी चौदाचे आठ केले. बोलण्याच्या ओघात आकडे वाढतात. कायद्याची गोष्ट अशी की 1934 च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा होती, ती 1946 च्या दुरुस्तीने 48 वर आली, आणि ते विधेयक बाबासाहेबांच्या मजूर खात्याचे. सहा तास कमी झाले! ज्याने पाळ्या केल्या आहेत त्याला सहा तासांची किंमत सांगावी लागत नाही.

2005 साली मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. तेव्हा आपण सगळे घाबरलो होतो. कायम कामगाराचं मोठं काही बिघडलं नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून तेच काम करणारा कंत्राटी मुलगा वाढत गेला. एका वाफेच्या लाइनवर आपल्यातल्या एका पोराचा हात भाजला. कायम माणूस असता तर दवाखाना, रजा, भरपाई सगळं रीतसर झालं असतं. याला ठेकेदाराच्या माणसाने रिक्षात घालून घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी हजेरीवर दुसरं नाव. आम्हाला हे कळलं कुठं? कारखान्यात नाही, युनियनच्या फलकावर नाही. त्याची आई वंदनेला आली होती, कुणीतरी सहज विचारलं, "पोरगा कुठंय?" आणि ती रडायला लागली. मग पाच माणसं गेली, कागद केले, भांडण केले, थोडे पैसे निघाले. तथागतांनी सिगालाला खालच्या दिशेबद्दल जे सांगितलं त्यात मालकाची पाच कर्तव्यं आहेत. माणसाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची यादी घ्या आणि आजच्या ठेक्याच्या कागदाशी ताडून पाहा.

घरच्या गोष्टींवर फार बोलत नाही, त्या तुमच्या तुम्हाला ठाऊक. एवढंच पाहा की क्वार्टर हे आपलं घर नव्हे. निवृत्ती झाली की किल्ली द्यायची. कुणी फेकरीला प्लॉट घेतला, कुणी भुसावळला, कुणी मुलाबरोबर नाशिक-पुण्याला गेला. पूर्वी एका ओळीत सात घरं आपली असायची, आता दोन. पोरं शिकली म्हणूनच गेली, याचं वाईट कसं वाटून घ्यायचं? पण मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या दाराशी कोण जाणार, हा प्रश्न शिकलेल्या पोराच्या पगाराने सुटत नाही.

आता दुःखाचं बोलतो, आणि इथं थोडा वेळ घेतो.

1956 साली दीक्षा घेताना आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आहे. ते सोडलं, फार चांगलं झालं. कर्ज काढून तेरावं घालणारी घरं आम्ही लहानपणी पाहिली आहेत. त्या जागी पुण्यानुमोदन आलं. त्रिशरण-पंचशील, परित्राणपाठ, दोन शब्द श्रद्धांजलीचे. कुणी तिसऱ्या दिवशी करतं, कुणी पाचव्या, कुणी अजून दहाव्याला धरून बसतं, त्यावर आम्ही वाद घालत नाही. मंडप आणि पंगत मात्र परत वाढायला लागली आहे, त्यावर वाद घालतो. आणि एक गोष्ट उपासिकांनीच मनावर घ्यायला हवी. विहारात आपण म्हणतो विधवेच्या बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका, आणि घराच्या आतल्या खोलीत मावशी-आत्या जोडवी काढून मोकळ्या होतात. पुरुष ओट्यावर बसून पुरोगामी भाषण करत असतात तेव्हाच आत हे चाललेलं असतं.

पण आमचा मुख्य मुद्दा वेगळा आहे. जुन्या रीतीत अडाणीपणा होता, खर्च होता, पण माणसं दहा-तेरा दिवस घरात असायची. आपण विधी आटोपशीर केला आणि त्याबरोबर माणसंही आटोपशीर झाली. आता मोबाईलच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागते, हात जोडलेली चित्रं येतात, आणि पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवसापासून ती बाई घरात एकटी. चहा कुणासाठी टाकायचा हे तिला कळत नाही. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी सातला फाटक वाजवायचा, ते फाटक वाजत नाही. तिला हे कुणाला सांगायचं असतं, आणि विचारणारं कुणी नसतं.

किसा गोतमीची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली, तथागतांनी सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहऱ्या आण. या गोष्टीचा अर्थ आपण सांगतो की मृत्यू कुणाला चुकला नाही. बरोबर आहे. पण तेवढंच असतं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. तिला दारोदार पाठवलं. विचार करा, प्रत्येक दारात काय झालं असेल? कुणी म्हणालं असेल, बाई, माझा भाऊ गेला. कुणी म्हणालं असेल, माझं पहिलं लेकरू गेलं, ये, बस. गावभर फिरून ती मोहऱ्या न घेता परत आली तेव्हा तिच्यापाशी त्या सगळ्या घरांचं बोलणं होतं. आमच्या मते औषध तेच होतं.

आणि दुःख दाखवणं म्हणजे धम्मात कच्चं असणं, असंही कुणी समजू नये. बाबासाहेबांची चार मुलं लहानपणीच गेली. राजरत्न गेला 1926 साली, त्यानंतर आपल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी त्या दुःखाविषयी मोकळेपणाने लिहिलं आहे. रमाई 27 मे 1935 रोजी गेल्या, आणि पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. एवढा मोठा माणूस दुःख लपवत नाही, मग आपण का लपवावं?

आता करमणूक. काही मंडळींना वाटतं की विहारात हसणंखिदळणं शोभत नाही, आणि ते सिगालोवाद सुत्ताचाच आधार देतात. त्यात धनाचा नाश करणाऱ्या सहा वाटा सांगितल्या आहेत, त्यांत नाचगाण्याच्या जत्रांमागे धावणं ही एक आहे. पण सुत्त नीट वाचा. आज नाच कुठं, गाणं कुठं, ढोल कुठं, असं सारखं शोधत फिरणाऱ्याला ते बोल आहेत. गाण्याचंच वावडं असतं तर आंबेडकरी जलसे झाले नसते आणि चळवळ खेड्यापाड्यांत पोचली नसती. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, वामनदादा कर्डक 2004 साली जाईपर्यंत गात आणि लिहीत राहिले. आपल्या खानदेशात वहीगायनाची परंपरा आहे, गाण्यासाठी आपल्याला कुणाकडे उसनवारी करायची गरज नाही. 14 एप्रिलच्या डीजेबद्दल आमचं मत तुम्हाला ठाऊक आहे, छातीत धडधड होते आणि शब्द एक कळत नाही. म्हणून दरवर्षी तेच तेच बोलत नाही.

करमणूक एकत्र असली की तीही खुशालीच असते. 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण गाडी करून जातो. बाबासाहेब 1937 साली तिथं आले होते, म्हणून अभिवादनाला जातो, पण पोरांना आठवते ती गाडीतली गाणी, बरोबर नेलेली शेवभाजी आणि पावसात घसरलेले काका. 2019 साली बाबासाहेबांवरची मालिका टीव्हीवर लागली तेव्हा त्या वेळेला ओळीतली पोरं एका घरात जमायची. आता घरातल्या चौघांच्या हातात चार मोबाईल. ते चांगलं की वाईट यावर आम्ही प्रवचन देणार नाही. एवढं मात्र खरं की मोबाईलवर हसणाऱ्याला कुणी विचारत नाही, कशाला हसलास रे?

तर बैठकीत आम्ही मांडलेलं इथं सर्वांसमोर मांडतो. ग्रंथवाचन वंदनेच्या आधी ठेवावं, तरुणांनीच ते चालवावं, आम्ही ऐकायला बसू. वंदनेनंतरचा अर्धा तास आहे तसा राहू द्यावा. ज्यांची पाळी आडवी येते त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, राहण्याची जागा आणि आठवड्याची पाळी लिहायची. सलग दोनदा कुणी दिसलं नाही तर त्या ओळीतल्या माणसाने घरी जाऊन यायचं. ज्या घरात दुःख झालं आहे तिथं पुण्यानुमोदनानंतर तीन महिने दर आठवड्याला दोन उपासिका जातील. जाताना नारळ, साडी, पाकीट काही न्यायचं नाही, बसायचं आणि ती बोलेल ते ऐकायचं. फेकरी आणि भुसावळला राहायला गेलेल्या निवृत्त मंडळींची नावंही त्यात घ्यायची आहेत, त्यांच्याकडे मोटारसायकलवाल्या पोरांनी जावं. कंत्राटी कामगारांनी ठेकेदाराचं नाव लिहून ठेवावं, ते उपयोगी पडतं.

काल संध्याकाळपर्यंत वहीत अकरा नावं आली होती. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, मागच्या वेळेसारखं खिशात घालून नेऊ नये ही विनंती. भोजनदानाची भाजी तयार झाल्याचा निरोप आला आहे, दुपारपाळीवाल्यांना आधी बसू द्यावं.

जय भीम.